खताचे पोते आणि मुळावरची बुरशी

बुरशी या शब्दाला आपल्या घरात मान नाही. भाकरीला लागली की भाकरी उकिरड्यावर जाते, आणि पिकावर दिसली की शेतकरी फवारणीचा पंप पाठीला लावतो. याच अंकाच्या कन्नड विभागातील आमचे मित्र तिला 'शिलीन्ध्र' म्हणतात. नाव भारदस्त आहे, वागणूक मात्र तिथेही तीच! परंतु जोंधळा, मका, मिरची, कांदा, ऊस ही आपली पिके ज्या बुरशीच्या आधाराने वाढतात ती जमिनीखाली असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि अंदाधुंद खत घालून आपणच तिला पिकापासून तोडीत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिला शास्त्रात मायकोरायझा म्हणतात. अर्थ सरळ आहे: बुरशी-मूळ. हे नाव 1885 साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक याने दिले. प्रशियाच्या सरकारने त्याला ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीच्या लागवडीचा अभ्यास करायला सांगितले होते. अळंबीची शेती काही त्याच्या हाती लागली नाही, पण जंगलातल्या झाडांच्या मुळांवर बुरशी सुखाने नांदते हे त्याने दाखविले. आपल्या पिकांवरची जात निराळी. ती मुळाच्या पेशीतच शिरते आणि तिथे इवल्याशा झाडासारख्या फांद्या फोडते.

हिची गरज का पडते? स्फुरद जमिनीत जवळजवळ हलतच नाही. खानापूरकडच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, पूर्वेकडच्या काळ्या रानात चुना धरतो. मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद शोषून घेते आणि मग भरल्या कोठारात उपाशी बसते. बुरशीचा धागा मुळाच्या केसापेक्षाही बारीक. तो काही सेंटिमीटर पुढे जातो, मूळ शिरणार नाही अशा फटीत शिरतो, आणि स्फुरद, जस्त घेऊन येतो. हा धर्मादाय नव्हे. पीक उन्हात जी साखर तयार करते, तिच्यातला चार ते वीस टक्के वाटा या पाहुणीला द्यावा लागतो.

आता मला सर्वांत नवल वाटलेली गोष्ट. जोंधळ्यावर टारफुला पडतो हे गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. टारफुल्याचे बी वर्षानुवर्षे मातीत निजून राहते आणि जोंधळ्याचे मूळ जवळ आले की उगवते. मूळ एक द्रव्य सोडते, त्याचा सुगावा त्याला लागतो, हे 1966 पासून माहीत होते. पण आपल्याच वैऱ्याला जागे करणारे द्रव्य झाड कशाला सोडील? उत्तर 2005 साली जपानी शास्त्रज्ञांनी दिले. ती हाक टारफुल्याला नव्हतीच, बुरशीला होती! चोराने ती मधल्यामध्ये ऐकली, इतकेच.

आणि ही हाक झाड मुख्यतः स्फुरदाची भूक लागली तरच देते. दरसाल माती न तपासता डीएपीची पोती ओतली की झाड हाक देणे कमी करते, आणि बुरशी मुळात शिरेनाशी होते. मग पुढच्या वर्षी पोत्याशिवाय भागत नाही. पोते परदेशी मालावर अवलंबून असते आणि कर्ज मात्र गावच्या सोसायटीत असते.

याचा अर्थ खते फेकून द्या असा कोणी काढू नये. बुरशी स्फुरद निर्माण करीत नाही, आहे तो आणून देते. पीक काढून नेले की गेलेला स्फुरद परत द्यावाच लागतो. उलट टोकाची मंडळीही आहेत. बुरशीची पाकिटे जादूच्या अंगाऱ्यासारखी विकली जातात. ही बुरशी जिवंत मुळावाचून वाढत नाही. तेव्हा पत्र्याच्या दुकानात तापलेल्या पाकिटात किती जीव उरला, हे विचारायला नको का? स्फुरदाने तट्ट भरलेल्या रानात तर चांगले पाकीटही बहुधा वाया जाते. मला वाटते, आधी माती तपासावी, मग वारंवारची खोल नांगरट आवरावी आणि रान फार काळ उघडे ठेवू नये. भातानंतर मसूर किंवा हरभरा पेरण्याची आपल्याकडची जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. कोबी आणि मोहरी यांच्या मुळांत मात्र ही बुरशी वस्तीला येत नाही, म्हणून त्यांच्यामागून त्याच रानात काय घ्यावे याचा विचार करावा.

आमच्या अभ्यासात या विषयावर एक टीप येते, पाच गुणांची. प्रात्यक्षिकात आम्ही कांद्याचे मूळ पाहतो खरे, पण ते पाण्याच्या ग्लासवर वाढविलेल्या कांद्याचे, पेशीविभाजनासाठी. त्याला माती कधी लागलेलीच नसते. प्राध्यापक महाशयांना माझी विनंती आहे की या वर्षी कांदा रानातून उपटून आणावा. टोक नको, थोडे जुने मूळ हवे. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून, धुऊन, मग फाउंटन पेनची शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटे उकळायचे. ही पद्धत 1998 साली प्रसिद्ध झाली आहे आणि महागडा रंग लागत नाही. एक कांदा डीएपी पडलेल्या रानातला घ्यावा, एक शेणखताच्या परड्यातला. शाई कोणती, एवढे मात्र आधी करून पाहावे लागेल. प्रत्येक शाई सारखी चढत नाही.