पहाटे तीनची साखर

टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाला इन्शुलिन बाहेरून टोचून घ्यावेच लागते. दर वेळी मात्रा ठरवायची ती जेवण, खेळ आणि त्या घडीची साखर यांचा हिशेब घालून. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर १२० दिसले, तर ते चढते १२० की उतरते, हे स्ट्रिप सांगत नाही. साखर ७० च्या खाली उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात. पण झोपेतले पोर ते सांगणार कसे? म्हणून अशा घरांतून पहाटे तीनचा गजर लागतो. यावर उपाय म्हणजे दंडावर चिकटवायचा सेन्सर. तो त्वचेखालच्या द्रवातले ग्लुकोज सतत मोजतो. दर पाच मिनिटांनी मोजले तरी दिवसाला २८८ नोंदी होतात. साखर कुठे निघाली आहे, हे बाणाने कळते आणि ती फार खाली उतरली की फोन वाजतो.

सेन्सर ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज आता सोडायला हवा. साखर काटेकोर आवरली तर डोळे, मूत्रपिंडे, नसा वाचतात, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्येच सिद्ध केले. मात्र त्याच अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्यांची साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले होते. या भीतीपोटीच पालक साखर थोडी चढी ठेवतात आणि त्याची किंमत मूल विशी-तिशीत मोजते. सेन्सर नेमकी ही कोंडी सैल करतो. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये टाइप १ असलेल्या सर्व मुलांसाठी त्याची शिफारस केली, ती म्हणूनच. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात विशीच्या आतले टाइप १ चे सुमारे २ लाख २९ हजार रुग्ण आहेत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की जिथे इन्शुलिन आणि स्ट्रिपही नियमित मिळत नाहीत, तिथे चौदा-पंधरा दिवसांत टाकून द्यायच्या, काही हजारांच्या सेन्सरची भाषा कशाला? क्रम आम्हालाही मान्य आहे: आधी इन्शुलिन, मग स्ट्रिप. पण ‘आधी’चा अर्थ ‘तेवढेच’ असा होता कामा नये. केरळच्या ‘मिट्टायी’ योजनेने मुलांसाठी इन्शुलिनबरोबर सेन्सरचाही विचार केला. महाराष्ट्राची जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांभोवती बेतलेली आहे. मूल बेशुद्ध होऊन दाखल झाल्यावर खर्च करायचा आणि ते होऊ नये म्हणून करायचा नाही, हा हिशेब उलटा आहे. सरकारने सेन्सरसाठी तरतूद करावी; निदान सहा वर्षांखालच्या आणि वारंवार शुगर लो होणाऱ्या मुलांपासून सुरुवात करता येईल. सेन्सरचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, त्यामुळे शंका आली की बोट टोचावे लागतेच, आणि सतत आकडे पाहून पालकांची झोप उडू शकते, हेही खरे. त्यासाठी सेन्सरसोबत शिकवणारी परिचारिका हवी. तिचे पदही याच तरतुदीत धरावे.

राहता राहिली शाळा. बोर्डाच्या परीक्षेत मधुमेही विद्यार्थ्यांना खाऊ जवळ ठेवू देण्याचा निर्णय ‘सीबीएसई’ने २०१७ मध्ये घेतला. त्याच धर्तीवर मोबाइलबंदी असलेल्या वर्गात सेन्सरला जोडलेला फोन शिक्षकांच्या टेबलावर राहील, एवढे एक परिपत्रक शिक्षण विभागाने जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी काढावे.