भाजीचे पैसे मुलाला देऊ द्या

पालघर-बोईसरच्या आईबापांना एक विनंती आहे. मूल सोबत असेल तेव्हा बाजारात मोबाइल खिशातच राहू द्या. शंभराची नोट त्याच्या हातात द्या आणि व्यवहार त्यालाच करू द्या. स्कॅन करून पैसे दिले की मुलाला ना बेरीज दिसते ना वजाबाकी, नुसता आवाज ऐकू येतो.

आपल्याकडे भाजी अजून वाट्यावर मिळते. २० रुपयांना एक वाटा, ५० ला तीन. मुलाला विचारा, तीन घेतले तर किती वाचले? १० म्हणेल. मग विचारा, तिसरा वाटा घरी सडला तर? इथे त्याला वेळ द्या. दोन वाट्यांचे ४० झाले असते, आपण ५० दिले. म्हणजे १० वाचले नाहीत, १० गेले. हे त्याचं त्याला उमगू द्या. मागचं गिऱ्हाईक चुळबुळ करेल, करू दे. सुटे परत घेताना मूल पाच रुपयांना फसलं तरी चारचौघांत ओरडू नका. पाच रुपयांत एवढी चांगली शिकवणी बोईसरमध्ये कुठे मिळते?

मात्र घरी आल्यावर तोच हिशेब वहीत लिहायला लावा. २०२५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी करत, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणितात अडत. नुसतं शाळेत शिकणाऱ्यांचं उलटं, बाजारातला हिशेब त्यांना जमेना. दोन्हींमधला पूल आपोआप बांधला जात नाही. घरातल्या कुणीतरी तो बांधावा लागतो.

आपल्या जिल्ह्यात असे पूल बांधणारी माणसं होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. महागडी साधनं नव्हती. आसपास सापडेल ते घेऊन त्या शिकवत.

मोठ्या मुलांना व्याज शिकवा, तेही आपल्या बोलीतलं. 'शेकडा दोन' ऐकायला किरकोळ वाटतं. १०,००० वर महिन्याला २००, वर्षाला २,४००. म्हणजे २४ टक्के झाले. याच डहाणू-तलासरी पट्ट्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली माणसं सावकाराकडे वर्षानुवर्षं राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज फिटलं की नाही हे सावकार ठरवायचा, कारण वही त्याच्या हातात. १९४५ च्या वारली उठावाने ती गुलामी मोडली. आज वही मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपमध्ये असते, एवढंच.

आणि तारापूरच्या एमआयडीसीत कामाला असाल, तर या महिन्याची पगाराची पावती आठवी-नववीतल्या मुलीपुढे ठेवा. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर पीएफ १२ टक्के कापला का, कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दराने धरला का, तिला तपासू द्या. फरक निघाला तर ऑफिसात विचारायला जाताना तिने लिहिलेला कागद सोबत न्या.