खरखरीत सालीची कैफियत

फळाची साल आरशासारखी चकाकलीच पाहिजे, हा कायदा कोणी केला? दिवाळीच्या फराळाशेजारी परडीत लालभडक सफरचंदे मांडली की घर कसे भरल्यासारखे वाटते. आणि पहिल्याच घासाला तोंडात ओला भुसा आल्यासारखे झाले, तरी पाहुण्यांदेखत आपण ‘वा!’ म्हणतो. या रंगाच्या वेडाविरुद्ध मला इंग्लंडातल्या एका कुरूप सफरचंदाची वकिली करायची आहे.

त्याचे नाव ‘अ‍ॅशमीड्स कर्नल’. हा कर्नल पलटणीतला नव्हे! इंग्रजीत कर्नल म्हणजे बी. १७०० च्या सुमारास ग्लॉस्टर गावी अ‍ॅशमीड नावाच्या गृहस्थाकडे ते बीपासून उगवले. बीपासूनचे सफरचंद आईवर जात नाही. म्हणून गेली तीनशे वर्षे माणसे त्याच एका झाडाची कलमे बांधीत आली. एखाद्या पिढीने कंटाळा केला असता, तर ते केव्हाच संपले असते.

रूप म्हणाल तर हिरवट अंगावर तपकिरी, खरखरीत लेप, चिकूचा मावसभाऊच! हा रोग नव्हे, मळ नव्हे. सालीचा वरचा थर भेगाळतो आणि त्याजागी बुचासारखे कवच धरते. त्यातून पाणी हळूहळू उडते. ऑक्टोबरात उतरवलेले फळ नाताळापर्यंत थोडे सुरकुतते खरे, पण आधी जिभेला झोंबणाऱ्या आंबटपणाला तोवर अशी गोडी भेटते, की लिमलेटच्या गोळीची आठवण व्हावी.

आता ‘रेड डेलिशस’ची गोष्ट ऐका. १८७० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या आयोवात जेसी हायट यांच्या शेतात ते सापडले, तेव्हा त्याच्या सालीवर नुसत्या लाल रेघा होत्या. पुढे बागाईतदारांनी अधिकाधिक लाल फांदी शोधून तिचीच कलमे वाढवली. रंग चढत गेला, चव उतरत गेली. सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास हिमाचलात कोटगडला लावले ते हेच वाण. अमेरिकेतले त्याचे पहिले स्थान मात्र २०१८ मध्ये ‘गाला’ने हिरावले.

व्यापारी म्हणतात, अ‍ॅशमीडचे झाड दरवर्षी सारखे फळत नाही. कबूल. पण तपकिरी साल गिऱ्हाईक घेत नाही, हे साफ खोटे! ‘एग्रेमाँट रसेट’ आजही इंग्लंडातल्या दुकानांत विकले जाते. आणि घोलवडचा चिकू आपण कधी सालीवरून नाकारला आहे काय?

परवा फळवाल्याला विचारले, ‘‘यांत चवीला कोणते?’’ त्याने सगळ्यांत लाल ते उचलले, बाहीला पुसले आणि माझ्या हातावर ठेवले.