दारी येणारा देव

फाल्गुन लागला की रत्नागिरीच्या गावागावांत शिमग्याची लगबग सुरू होते. ग्रामदेवतेची चांदीची रुपं उजळून पालखीत बसवतात. कुठे त्रयोदशीला तेरसा शिमगा, कुठे पौर्णिमेला भद्रेचा. होम पेटला की ढोल-ताशांच्या गजरात देव घरं घ्यायला, म्हणजे घरोघरी भेटीला, निघतो. मुंबईचा चाकरमानी एरवी रजेसाठी कितीही अडला, तरी या दिवसांत गाव गाठतोच.

होम म्हणजे अहंकाराचं दहन, नारळ म्हणजे देवाला वाहिलेलं मस्तक, असे अर्थ प्रवचनांतून सांगितले जातात. ते खोटे नाहीत, पण शिमग्याचा गाभा त्याहून साधा आहे. वर्षभर माणूस देवळाची पायरी चढतो. या दिवसांत देव पायरी उतरतो.

अंगण सारवलेलं असतं, रांगोळी रेखलेली असते. खांद्यावरची पालखी नाचत येते आणि पाटावर टेकते. घरची बाई खणा-नारळाने देवीची ओटी भरते. मग गाऱ्हाणं सुरू होतं: शेती पिकू दे, गुरंढोरं सांभाळ, परगावी गेलेल्या लेकरांना सुखरूप ठेव. प्रत्येक मागणीला भोवतीची सगळी मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. मागणं एका घराचं, पण त्यात आवाज अख्ख्या वाडीचा.

म्हणूनच देव कुणाच्या दारी जातो आणि कुणाचं दार टाळतो, याला धार्मिक अर्थ आहे. याच रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून आणि सावरकरांच्या पुढाकारातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, ते जातिभेद न मानता सर्व हिंदूंसाठी. देवळाचं दार उघडण्याची ती लढाई होती.

घराच्या दाराची लढाई मात्र संपलेली नाही. कोकणात भावकीच्या किंवा मानपानाच्या वादातून कुटुंब वाळीत टाकलं जातं, आणि मग पालखी त्या अंगणाला वळसा घालून पुढे जाते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे. पण पोलीस ठाण्यातून अंगणात देव आणता येत नाही. ते काम गावाचंच.

शिमग्याआधी गावकर, गुरव आणि मानकरी बैठकीला बसतात, पालखीचे दिवस आणि वाड्या ठरवतात. यंदा त्याच बैठकीत गाळलेल्या घरांचा विषय आधी घ्यावा. एकही दार वगळलं, तर त्या गावचं गाऱ्हाणं अपुरं राहतं.