विश्लेषण : पोरसवदा संडरलँडचा प्रीमियर लीगमध्ये निभाव लागेल का?

सलग दोन हंगाम इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये एकच गोष्ट घडली आहे. खालच्या श्रेणीतून बढती मिळवून आलेले तिन्ही संघ वर्षभरात जसे आले तसे परत गेले. 2023-24 मध्ये ल्युटन, बर्नली आणि शेफिल्ड युनायटेड. 2024-25 मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदम्प्टन. यंदा लीड्स, बर्नली आणि संडरलँड यांची पाळी आहे. त्यातला संडरलँड हा विशी-बाविशीतल्या मुलांवर उभा असलेला संघ. उद्या, शनिवारी 16 ऑगस्टला, भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेसातला घरच्या मैदानावर वेस्ट हॅमविरुद्ध तो आठ वर्षांनंतर प्रीमियर लीगमधला पहिला सामना खेळेल. हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधीच अनेकांनी या संघाला खाली पाठवून दिले आहे. एवढी घाई करण्याजोगी स्थिती खरेच आहे का?

हा संघ इथवर पोहोचला कसा?

संडरलँड हे ईशान्य इंग्लंडमधले जहाजबांधणीचे आणि कोळशाचे शहर. क्लबचे मैदान, स्टेडियम ऑफ लाइट, जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर उभे आहे. 2017 मध्ये क्लब अवघ्या 24 गुणांसह प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीतही, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, तो तळाला राहिला. मग चार हंगाम तिसऱ्या श्रेणीत गेले. ही पडझड नेटफ्लिक्सवरच्या माहितीपट मालिकेमुळे आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे.

2021 मध्ये कीरिल लुई-ड्रेफस यांनी क्लबची सूत्रे घेतली तेव्हा ते स्वतः 23 वर्षांचे होते. त्यांनी धोरण ठरवले ते सरळ होते : तरुण खेळाडू स्वस्तात आणायचे, अकादमीतल्या मुलांना संधी द्यायची, त्यांना भरपूर खेळवायचे आणि मागणी आली की विकायचे. 2022 मध्ये संघ चॅम्पियनशिपमध्ये परतला. गेल्या हंगामात त्याची मधली फळी पाहिली तर ख्रिस रिग 17 वर्षांचा, जोब बेलिंगहॅम 19 वर्षांचा आणि कर्णधार डॅन नील 23 वर्षांचा. प्रशिक्षक रेजिस ले ब्री यांची कारकीर्दही फ्रान्समध्ये युवा खेळाडू घडवण्यातच गेलेली. एक गोष्ट मात्र त्यांच्याबद्दल कमी बोलली जाते. त्यांनी लोरियाँला फ्रान्सच्या अव्वल श्रेणीत दहावे स्थान मिळवून दिले आणि पुढच्याच हंगामात, 2024 मध्ये, तोच संघ त्यांच्याच हाताखाली पदावनत झाला. दुसरे वर्ष कसे अंगावर येते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नाही.

संडरलँडने 46 सामन्यांत 76 गुण मिळवून चौथे स्थान घेतले. लीड्स आणि बर्नली यांचे प्रत्येकी 100 गुण होते. म्हणजे थेट वर गेलेल्या दोघांपेक्षा संडरलँड 24 गुणांनी मागे होता. शिवाय लीगचे शेवटचे पाचही सामने तो हरला. बाद फेरीत मात्र याच मुलांनी कमाल केली. उपांत्य लढतीत कॉव्हेंट्रीविरुद्ध डॅन बॅलार्डने 122व्या मिनिटाला गोल केला. 24 मे रोजी वेम्बलीवर शेफिल्ड युनायटेड 1-0 ने पुढे असताना 76व्या मिनिटाला 20 वर्षांच्या एलिएझर मायेंडाने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत, 95व्या मिनिटाला, टॉम वॉटसनने विजयी गोल केला.

हा वॉटसन 19 वर्षांचा, त्याच परिसरातला आणि क्लबच्याच अकादमीतला. पण त्या दिवशी तो तांत्रिकदृष्ट्या तिथला राहिलाच नव्हता. ब्रायटनशी त्याचा करार आधीच झाला होता. क्लबला प्रीमियर लीगमध्ये नेणारा गोल निघून चाललेल्या मुलाने केला.

घरची मुले विकावी का लागतात?

याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. इंग्लिश फुटबॉलमध्ये क्लबने तीन वर्षांत किती तोटा करावा यावर मर्यादा आहे. प्रीमियर लीगमधल्या वर्षासाठी ती 3.5 कोटी पौंड, तर चॅम्पियनशिपमधल्या वर्षासाठी 1.3 कोटी पौंड धरली जाते. नव्याने आलेल्या क्लबची मागची दोन वर्षे खालच्या श्रेणीतली असल्याने त्याची एकूण मर्यादा 6.1 कोटींवरच अडकते. जुन्या क्लबांना 10.5 कोटींची मोकळीक असते. म्हणजे मालकाच्या खिशात पैसे असले तरी ते ओतता येत नाहीत.

आता यातली गंमत पाहा. 3 कोटी पौंडांना घेतलेल्या खेळाडूशी पाच वर्षांचा करार केला, तर वहीत दर वर्षी 60 लाखच खर्च दिसतो. पण अकादमीतला मुलगा विकला, तर त्याची खरेदी किंमत शून्य असल्याने आलेली सगळी रक्कम त्याच वर्षाचा नफा ठरते. त्यामुळे वॉटसनसाठी आलेले सुमारे 1 कोटी पौंड हिशेबात त्याहून मोठ्या रकमेच्या खरेदीला वाट करून देतात. जोब बेलिंगहॅम अकादमीतला नव्हता, पण 2023 मध्ये तो बर्मिंगहॅमकडून माफक किमतीत आला होता. यंदा जूनमध्ये बोरुसिया डॉर्टमुंडने त्याला नेले तेव्हा त्यातलाही मोठा हिस्सा नफाच होता. आपल्याच गल्लीतल्या मुलाला टिकवून ठेवण्यापेक्षा विकणे वहीत जास्त शोभते, असा हा नियम आहे. तो आर्थिक शिस्तीसाठी केला असेलही, पण त्याची झळ नेमकी कोणाला बसते हे वॉटसनच्या उदाहरणात दिसते.

आणखी एक विषमता आहे. प्रीमियर लीगमधून खाली गेलेल्या क्लबांना तीन वर्षांपर्यंत ‘पॅराशूट’ रक्कम मिळते. गेल्या हंगामात संडरलँडच्या वर असलेले तिन्ही संघ असा पैसा मिळणारे होते. संडरलँडला तो नव्हता.

टिकण्यासाठी नेमके किती गुण लागतात?

‘40 गुण मिळवा आणि निर्धास्त व्हा’ हे वाक्य समालोचक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. गेल्या दोन हंगामांचे आकडे वेगळे सांगतात. 2023-24 मध्ये अठराव्या स्थानावरच्या ल्युटनचे 26 गुण होते, 2024-25 मध्ये लेस्टरचे 25. म्हणजे या दोन्ही वर्षांत 27 गुण मिळवणारा संघ वाचला असता. सात विजय, सहा बरोबरी आणि तब्बल 25 पराभव, एवढ्यावर भागले असते!

पण इथे जपून पाहायला हवे. ही रेषा खाली आली ती लीग सोपी झाल्यामुळे नव्हे. नवे तिन्ही संघ इतके दुबळे ठरले की त्यांच्याकडून मिळालेल्या गुणांवर बाकीचे 17 आरामात तरले. गेल्या मोसमात त्या तिघांचे मिळून 59 गुण होते. त्यात साउदम्प्टनचे फक्त 12, आणि त्यांचे भवितव्य सात सामने शिल्लक असतानाच ठरले होते. यंदा तिघांपैकी एकानेही बरा खेळ केला तर ही रेषा लगेच तिशीच्या पुढे सरकेल. इंजिनिअरिंगला असताना कोणतीही रचना नेमक्या भारासाठी नाही, त्याहून जास्त भारासाठी करायची असे घोकून घेतले होते. संडरलँडनेही 27 नव्हे, 35 डोक्यात ठेवूनच खेळायला हवे.

तरुण संघ कोसळतात कुठे?

दोन उदाहरणे जवळची आहेत. 2022-23 मध्ये साउदम्प्टनने रोमिओ लाव्हिया, गॅव्हिन बझुनू अशा विशीच्या आतबाहेरच्या मुलांवर भिस्त ठेवली. संघ 25 गुणांसह तळाला गेला, प्रीमियर लीगमधली अकरा वर्षे संपली आणि एका हंगामात तीन प्रशिक्षक झाले. लाव्हियाला त्यानंतर चेल्सीने पाच कोटी पौंडांहून अधिक मोजून नेले. म्हणजे मुलगा गुणवान होता, संघ मात्र बुडाला. पुढच्या वर्षी बर्नलीचे तेच झाले. चॅम्पियनशिप 101 गुणांसह जिंकलेल्या व्हिन्सेंट कोम्पनीच्या संघाने तरुण खेळाडू घेतले, मागून पास देत खेळ उभारण्याची शैली सोडली नाही आणि 24 गुणांवर खाली आला.

दोन्हीकडे एक साम्य आहे : तरुण गोलरक्षक. साउदम्प्टनचा बझुनू आणि बर्नलीचा जेम्स ट्रॅफर्ड, दोघांनाही हंगामाच्या उत्तरार्धात बाकावर बसावे लागले. आघाडीवरच्या विशीतल्या मुलाची चूक विसरली जाते, कारण तिथून प्रतिस्पर्ध्याचा गोल 80 मीटर दूर असतो. गोलरक्षकाची चूक थेट फलकावर लागते. संडरलँडने यंदा 22 वर्षांचा रॉबिन रूफ्स आणला आहे. बढती मिळवून देणारा अँथनी पॅटरसन 25 वर्षांचा. यांच्यातली निवड ही माझ्या मते ले ब्रींची पहिली मोठी परीक्षा आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांत सापडत नाही. 0-1 ने मागे पडल्यावर पुढची दहा मिनिटे खेळ संथ करणारा, पंचांशी हुज्जत घालणारा, सहकाऱ्यांना जागेवर आणणारा माणूस लागतो. अशा दहा मिनिटांत तरुण संघ बहुधा दुसरा गोल खातो.

मग ग्रॅनिट झाका कशासाठी?

नेमका यासाठीच. 32 वर्षांचा झाका आर्सेनलमध्ये सात वर्षे खेळला आणि नंतर एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकणाऱ्या लेव्हरकूसेनचा कणा बनला. ‘तरुण घ्या, विका’ म्हणणाऱ्या क्लबने जुलैअखेर त्याला घेणे म्हणजे आपल्या धोरणातली उणीव स्वतःच मान्य करणे होय. मला हा उन्हाळ्यातला त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. अतलेतिको माद्रिदचा 31 वर्षांचा बचावपटू रेनिल्डोही आला आहे.

बाकीची खरेदी मात्र जुन्याच वळणाची. हबीब दियारा 21, नोआ सादिकी 20, शेम्सदीन तालबी 20, सायमन अडिंग्रा 23. लोरियाँमध्ये ले ब्रींच्याच हाताखाली खेळलेला एन्झो ले फी 25. एकूण खर्च 10 कोटी पौंडांच्या पुढे गेला आहे. यातल्या बहुतेकांनी एकमेकांसोबत एकही स्पर्धात्मक सामना खेळलेला नाही, आणि वेम्बलीवर जिंकलेली मुले आता स्वतःच्याच जागेसाठी झगडतील. रिगसारख्या 18 वर्षांच्या मुलाला किती मिनिटे मिळतात यावर लक्ष ठेवायला हवे.

कसोटीचा काळ कोणता?

सुरुवात तुलनेने सुसह्य आहे. घरी वेस्ट हॅम, मग बर्नलीच्या मैदानावर, मग घरी ब्रेंटफर्ड. या तीन सामन्यांत चार-पाच गुण आले नाहीत तर पुढचे गणित अवघड होत जाईल.

खरी अडचण हिवाळ्यात आहे. आफ्रिकन देशांची स्पर्धा 21 डिसेंबर ते 18 जानेवारी या काळात मोरोक्कोत होणार आहे. दियारा सेनेगलचा, सादिकी काँगोचा, तालबी मोरोक्कोचा, अडिंग्रा आयव्हरी कोस्टचा आणि रेनिल्डो मोझांबिकचा. पाचही देश पात्र ठरले आहेत. निवड झाल्यास सामन्यांची सर्वाधिक गर्दी असलेल्या नाताळच्या पंधरवड्यात ले ब्री यांना पाच जणांशिवाय संघ उतरवावा लागेल. त्याच्या अगदी तोंडावर, डिसेंबरच्या मध्यात, स्टेडियम ऑफ लाइटवर न्यूकॅसल येणार आहे. या दोन शेजाऱ्यांची लीगमधली शेवटची गाठ मार्च 2016 मध्ये पडली होती. तेव्हा ख्रिस रिग आठ वर्षांचा होता.