वळसा नको, रानडे रोडच हवा

दादर स्टेशनपासून शिवाजी पार्क आणि पुढे चैत्यभूमीपर्यंत पायी चालणाऱ्यांसाठी बारमाही वाट व्हावी, ही मागणी आपल्या बैठकांत आता वारंवार होते. मागणी रास्तच आहे. पण वाट कुठून न्यायची हा प्रश्न आला की आपलेच काही शिकलेसवरलेले मित्र समुद्राकडे बोट दाखवतात. किनाऱ्याकिनाऱ्याने न्या, वारा लागेल, बाजारपेठेला त्रास नाही, रहिवाशांची तक्रार नाही!

माझा याला साफ विरोध आहे. तक्रार नाही, कारण आपण कुणाला दिसणारच नाही. दुसरं काही कारण नाही.

दरवर्षी डिसेंबर उजाडला की दादरच्या काही लोकांना अचानक स्वच्छता आठवते. दिवाळीच्या खरेदीला याच रानडे रोडवर पाऊल ठेवायला जागा नसते. तिला 'बाजार फुलला' म्हणतात. शिवाजी पार्कवर राजकीय सभा होतात, तेव्हा तो 'जनसागर' असतो. आणि विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर उभ्याने प्रवास करून आलेली माझी आजी, मावशी डोक्यावर गाठोडं घेऊन त्याच रस्त्याने निघाली की ती 'गर्दी' होते. माणसं तेवढीच, रस्ता तोच. मग फरक कशात आहे, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

वळसा घालायला लावणं हे जातीचं फार जुनं हत्यार आहे. त्रावणकोरातलं वायकोम आठवा. देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अवर्णांना चालता यावं म्हणून ३० मार्च १९२४ ला सत्याग्रह सुरू झाला. पेरियार त्यासाठी तुरुंगात गेले. १९२५ च्या अखेरीस तडजोड झाली ती कशी? तीन बाजूंचे रस्ते खुले केले, पूर्वेचा बंदच ठेवला आणि अवर्णांसाठी वेगळा रस्ता काढून दिला. सरकार म्हणायला मोकळं, की आम्ही रस्ता दिला! म्हणून 'पर्यायी मार्ग' हे शब्द कानावर आले की मी सावध होतो.

बाबासाहेबांना हा डाव पक्का ठाऊक होता. महाडला २० मार्च १९२७ ला त्यांनी अस्पृश्यांसाठी निराळं तळं मागितलं नाही. ते हजारोंना घेऊन गावातून चालत चवदार तळ्यावर गेले. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याच ओळीत रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा आल्या. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्येही सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा वहिवाटीचा हक्क नाकारणं गुन्हा ठरवलं आहे. वाट आणि बाग या दोन्ही गोष्टी आपल्यासाठी किरकोळ कधीच नव्हत्या.

आता व्यवहाराचं बोलू. रानडे रोड अरुंद आहे, फेरीवाले आहेत, तिथे वाट होणार कशी, असं विचारतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पूल अरुंद होता, पण कारवाईचा बडगा पडला फेरीवाल्यांवर. तीच चूक आपण करायची नाही. फेरीवाले बहुतेक आपल्यासारखेच पोटासाठी उभे आहेत आणि २०१४ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. रस्ता खातात त्या कडेला तासन्तास उभ्या असलेल्या गाड्या. एका गाडीच्या जागेत किती माणसं चालतील, याचा हिशेब कुणी मांडत नाही, कारण गाडीवाल्याला मत आहे, वकील आहे, वर्तमानपत्र आहे. एका बाजूचं पार्किंग काढा, फुटपाथ रुंद करा, चढउतार काढून व्हीलचेअर जाईल असा सलग करा. बसायला बाकडी, प्यायचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय. याला समुद्रात भराव लागत नाही.

किनाऱ्याच्या वाटेचं मला आणखी एक खटकतं. पहाटे तीनला गाडीतून उतरलेल्या बाईला आपण निर्मनुष्य चौपाटीकडून पाठवणार? बाजाराच्या रस्त्यावर निदान दिवे असतात, चार माणसं असतात. किनाऱ्यावर फिरायची जागा अवश्य व्हावी, संध्याकाळी आपणही जाऊ. पण ती फिरायची जागा. स्टेशनवरून जाणाऱ्याची वाट सरळच हवी.

७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहावरून निघाली ती व्हिन्सेंट रोड, पोयबावडी, एल्फिन्स्टन पूल, सयानी रोड, गोखले रोड अशी भर वस्तीतून दादरच्या चौपाटीवर आली. गिरण्यांचा परळ त्या रस्त्यावर उभा होता. त्या दिवशी आपल्या लोकांनी मागची गल्ली शोधली नव्हती.

तेव्हा जी उत्तर वॉर्डाला द्यायच्या निवेदनाच्या मसुद्यातून 'पर्यायी मार्ग' हे शब्द खोडा आणि रानडे रोड असं स्पष्ट लिहा. सोबत आकडे हवेत. येत्या रविवारी सकाळी आठ ते रात्री आठ आपण रस्त्यावरच्या उभ्या गाड्या आणि चालणारी माणसं, दोन्ही मोजणार आहोत. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावायच्या आहेत, सकाळच्या पाळीला माणसं कमी आहेत. जय भीम.