'एवढंही कळत नाही का?' असं विचारणाऱ्यांसाठी

पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर पुढे जा. हे मी सरळ अर्थानं म्हणतोय.

गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या एका पतसंस्थेनं २२ वर्षांच्या एका मुलाला कामावरून कमी केलं. मी बातमी दिली. पेपरात ती सिंगल कॉलम आली, पण इथे टाकली तशी खाली कॉमेंटची रांग लागली. निम्म्याहून जास्त लोकांचा सूर एकच: "एवढंही कळत नाही का त्याला?" याचं उत्तर कॉमेंटमध्ये मावत नाही, म्हणून ही पोस्ट. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुलाच्या आईनं तशी विनंती केलीय, आणि हा काही एकट्या त्या संस्थेचा प्रश्न नाही.

आधी झालं काय ते. मुलगा बी.कॉम. आहे, ऑटिस्टिक आहे. दिव्यांग कार्ड त्यानं नोकरीच्या अर्जासोबतच जोडलं होतं, म्हणजे कुणापासून काही लपवलेलं नाही. आठ महिने तो पिग्मीच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम करत होता. महिनाअखेरीच्या एका संध्याकाळी काही पावत्यांवर तारीख एक होती आणि एजंटानं भरणा केला होता दुसऱ्याच तारखेला. नोंद कुठल्या तारखेला करू, असं त्यानं शाखाधिकाऱ्यांना विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर साहेब म्हणाले, "तुम्ही मोठे हुशार, तुम्हाला आम्ही काय सांगणार? उद्यापासून आलाच नाहीत तरी चालेल." ऑफिस हसलं. मुलगा "बरं" म्हणाला, पावत्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून गेला नाही. पाचव्या दिवशी पत्र आलं: विनापरवानगी गैरहजर, सबब सेवा समाप्त.

मी शाखाधिकाऱ्यांना फोन करून विचारलं, असं बोललात का? म्हणाले, "बोललो हो, पण ते उपहासानं. सगळ्या स्टाफला कळलं."

म्हणजे वाक्याबद्दल वाद नाही. त्या वाक्याचा अर्थ कोण ठरवणार आणि कधी ठरवणार, एवढाच वाद आहे. वाक्य बोललं गेलं संध्याकाळी सहाला. अर्थ जाहीर झाला पाच दिवसांनी, तोही बोलणाऱ्याच्या सोयीचा. मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर गेला असता तर "काल काय सांगितलं होतं?" हेही ऐकायला मिळालं असतं, कुणी पैज लावायची असेल तर लावा. टोमण्याची हीच तर सोय आहे. दोन्ही अर्थ खिशात ठेवायचे, लागेल तो काढायचा. आम्हा पत्रकारांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. नेता सभेत काहीतरी बोलतो, टाळ्या घेतो, आणि दुसऱ्या दिवशी अंगाशी आलं की "मी ते उपहासानं म्हणालो, माझ्या विधानाचा विपर्यास केला." तिथे निदान व्हिडिओ असतो. शाखेतल्या टेबलापाशी कुठला व्हिडिओ?

"उद्या कुणी विहिरीत उडी मार म्हणालं तर मारणार का?" असं एका सद्गृहस्थांनी विचारलंय आणि त्याला भरपूर लाइक आहेत. नाही मारणार. विहिरीत उडी मारायला लावायचा अधिकार कुणालाच नाही, हे त्या मुलाला तुमच्या-माझ्याइतकंच कळतं. उद्यापासून येऊ नको म्हणायचा अधिकार मात्र साहेबाला असतो, आणि तो रोज कुठे ना कुठे वापरला जातो. कंत्राटी पोरांना असंच तोंडी घरी बसवतात, हे आपल्या गावात कुणी नव्यानं ऐकतंय का? त्यामुळे मुलानं घेतलेला अर्थ अगदी होण्यासारखा होता. आणि जाता जाता, त्याचा मूळ प्रश्नही बरोबर होता. पिग्मीत तारीख चुकली की खातेदाराचं पुस्तक आणि संस्थेचा हिशेब जुळत नाही, मग काउंटरवर भांडण. नोंद कुठल्या तारखेला करायची, ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"तुम्हाला काय माहीत ऑटिझम म्हणजे काय?" असंही एकानं विचारलंय. तर मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान चाळिशी ओलांडल्यावर झालं. त्याआधी मी कुणाच्या लेखी सरळमार्गी होतो, कुणाच्या लेखी बावळट, कुणाच्या लेखी फटकळ. टोमणा ओळखायला मी शिकलोय, कुणी टायपिंग शिकतं तसा. चक्क वही होती त्याची.

सोपे टोमणे शब्दांतच असतात. मराठीत काही शब्द आणि वाक्प्रचार सरळ अर्थानं जवळजवळ कुणी वापरतच नाही. दिवे लावले. गुण उधळले. अकलेचे तारे तोडले. फार उपकार झाले. 'शहाणा' हा शब्द घ्या. कोशात अर्थ चांगला आहे. "माझं शहाणं बाळ ते" यातलं शहाणपण खरं. पण "शहाणाच आहेस" म्हटलं की मामला उलटा. बाळापर्यंत ठीक, 'शहाणा' झालात की संपलं. हे पाठ करता येतं. पुढची खूण म्हणजे एकेरीत बोलणारा माणूस एकदम अहो-जाहोवर येतो. "या महाराज, उठलात?" असं आई म्हणाली की समजायचं, नऊ वाजून गेलेत. कौतुक कामापेक्षा मोठं निघालं, तरी सावध. आणि काहीच सुचलं नाही तर बोलणाऱ्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघायचं, कोण हसतंय ते. 'लेकी बोले सुने लागे' तर आणखी वरच्या वर्गाचा अभ्यास. तिथे बोलणं एकीला असतं, लागायचं दुसरीला असतं आणि मी तिसराच तिथे चहा पीत बसलेला असतो.

खरे अवघड ते बिनखुणेचे. "चालू द्या." "बसा निवांत." "काही घाई नाही." "तुम्ही म्हणाल तसं." "आलाच नाहीत तरी चालेल." यात एकही शब्द वाकडा नाही. सगळा अर्थ सुरात, भुवईत आणि काल तिथे काय घडलं होतं त्यात. तो मी आजही काढतो, पण हिशेब मांडून. दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात गप्पा पुढच्या विषयावर गेलेल्या असतात. दिवसभर असं केलं की संध्याकाळी माणूस बातमी न लिहिताच दमलेला असतो. सगळ्याच ऑटिस्टिक लोकांचं असंच असतं असं नाही. काहींना टोमणा पटकन कळतो, काही स्वतः उत्तम मारतात.

गंमत बघा, हेच सगळं आपण पोरांना मार्कांसाठी शिकवतो. व्याजस्तुती अलंकार: वरून स्तुती, आतून निंदा. शब्दशक्ती तीन: अभिधा, लक्षणा, व्यंजना. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये पंचविशीची पोरं व्याख्या आणि उदाहरणं वहीत उतरवून घेतात. ते आपोआप कळत नाही, समजावून सांगावं लागतं, हे तिथे सगळ्यांना मान्य आहे. तीच व्याजस्तुती साहेबाच्या तोंडून आली आणि एकाला कळली नाही, की तो नोकरीच्या लायकीचा नाही!

आता सरकारी बाजू. आपल्याकडे ऑटिझम मोजायची जी भारतीय चाचणी आहे, ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं २००९ साली काढली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा त्याहून जास्त झाली की ऑटिझम. त्यातला एक मुद्दा नेमका हाच आहे: बोलण्यातला खरा अर्थ पकडता येत नाही. म्हणजे आम्हाला हे जड जातं, याची नोंद सरकारनं करून ठेवलेली आहे, त्यावर कार्ड मिळतं, आणि त्याच कार्डाच्या माणसाला त्याच कारणावरून घरी बसवता येतं. समोरचा खरा अर्थ बोलतच नसेल तर त्याला १ ते ५ गुण देणारी चाचणी कुणी काढलेली नाही. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली हेच मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला बाकीच्यांचं कळत नाही तसं बाकीच्यांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही, पण दोष लिहिला जातो एकाच्याच कागदावर. पतसंस्थेतल्या कुणालाही त्या मुलाच्या "बरं"चा अर्थ कळला नव्हता. त्याबद्दल कुणाला पत्र गेलं?

शब्द तरी कसा निवडलाय पाहा. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून ऑटिझम, आणि त्याचं आपण मराठी केलं 'स्वमग्नता'. शब्दशः! शब्दशः अर्थ घेतात हा आरोप आमच्यावर. आणि 'स्वमग्न' ऐकणाऱ्याला वाटतं हा मनुष्य आपल्यातच दंग आहे, याला दुसऱ्याची पर्वा नाही. तीन वेळा जाऊन तारीख विचारणारा मुलगा स्वमग्न?

दरवर्षी २ एप्रिलला जागतिक ऑटिझम दिवस असतो. जागोजागी इमारतींवर निळे दिवे लावतात. (इथे 'दिवे लावतात' शब्दशः घ्या.)

"मग काय, विनोद बंद करायचा? उद्या पुणेरी पाट्याही काढून टाका!" हाही सूर आहेच. अजिबात नको. पाट्या मला फार आवडतात. पाटी भिंतीवर असते, तिच्यासमोर वाटेल तेवढा वेळ उभं राहून वाचता येते आणि तिच्यामुळे कुणाची नोकरी जात नाही. व्यंगचित्राला चौकट असते. आमच्या पेपरातही तिरकस सदराला वर नाव असतं, खाली वेगळा टाइप असतो, म्हणजे वाचणाऱ्याला ठाऊक असतं की इथे उलटं वाचायचं. मित्रामित्रांतही मारा की टोमणे, तिथे "म्हणजे काय रे?" असं उलट विचारता येतं. माझा आक्षेप एकाच जागेवर आहे: जिथे बोलणाऱ्याच्या हातात ऐकणाऱ्याचा पगार आहे, दाखला आहे, हजेरी आहे, किंवा काठी आहे. शाळा, ऑफिस, तहसील, पोलीस ठाणं. "बस बाहेर जाऊन, मजा कर" असं मास्तर म्हणतात, मुलगा खरंच मैदानात जातो, मग पालकांना चिठ्ठी. "तुम्हीच लिहा की मग ऑर्डर" असं कारकून म्हणतो. अशा ठिकाणी टोमणा हा विनोद नसतोच, तो हुकूमच असतो. फक्त त्यावर सही नसते.

कायदा या बाबतीत, नवल वाटेल, पण चांगला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. 'खाजगी आस्थापना' कशाला म्हणायचं याच्या व्याख्येत कंपनीच्या जोडीला सहकारी संस्थाही स्पष्ट लिहिलीय, तेव्हा "आम्ही काय सरकारी आहोत का" हे चालणार नाही. समान संधीचं धोरण प्रत्येक आस्थापनेनं जाहीर करायचं आहे. तुमच्या पतसंस्थेचं पाहिलंय कुणी? वाजवी सोयीची व्याख्या आहे: समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येणारा बदल. आणि संवाद म्हणजे काय याच्या यादीत ब्रेल आहे, खुणांची भाषा आहे, आणि साधी सरळ भाषाही आहे. व्हीलचेअरवाल्यासाठी रॅम्प बांधायला सिमेंट तरी लागतं. इथे काय लागणार होतं? "पावतीच्या तारखेला कर" किंवा "भरण्याच्या तारखेला कर." तीन शब्द.

मागणी मोठी नाही. कामावर या, येऊ नका, रजा मंजूर, नामंजूर, बदली, कमी केलं, यातलं काहीही तोंडी चालणार नाही, असा एक ओळीचा ठराव संचालक मंडळानं करावा. तोंडी सांगितलंच तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर लिहून द्यावं. याचा फायदा ऑटिस्टिक नसलेल्या स्टाफलाही होईल, कारण त्यांनाही कधी कधी कळत नाही, ते फक्त हसून वेळ मारून नेतात. सेवा समाप्तीच्या पत्राविरुद्ध तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला पाठवतोय. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की अवतरणचिन्हांत जे घालाल ते माणूस जसं बोलला तसं हवं. तक्रारीत साहेबांचं वाक्य तसंच अवतरणचिन्हांत घातलंय.

एक मुद्दा राहिला. काही चांगल्या मनाच्या लोकांनी लिहिलंय, "तुम्ही शिकलात ना दादा, मग तोही शिकेल." शिकेल. क्लास लावतील, थेरपी करतील, वही भरेल. पण हे शिकणं फुकटात होत नाही. टोमणा ओळखायची सवय लागली की तो नसलेल्या जागीही दिसायला लागतो. परवा एका वाचकांचा फोन आला, वय झालेले, शेतकरी. पाणीपुरवठा योजनेवरची मालिका वाचली म्हणाले, "फार छान लिहिलंत साहेब, डोळे उघडले आमचे." मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. मग बसलो हिशेब करत. साहेब का म्हणाले? कौतुक कामापेक्षा मोठं होतं का? मागे कुणी हसत होतं का? चार दिवस झाले, अजून ठरत नाही.